मुलांना एकटं ट्रेनने जाऊ द्या. हिशेब मी मांडते.

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काही जणांना पटणार नाही, काही जण चिडतील, तेही मान्य आहे. पण गेले काही महिने आपल्या पालकांच्या ग्रुपवर "शनिवारी कोण सोडणार, कोण आणणार" याचीच चर्चा इतकी चालली आहे, की आता लिहायलाच हवं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. ज्या शहरात बरी लोकल ट्रेन आहे, तिथे आपल्या मुलाला बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत एकट्याने ट्रेनने जाता-येता आलं पाहिजे, आणि ते शिकवणं हे पोहायला शिकवण्याइतकंच आपलं काम आहे.

मी वेलिंग्टनमध्ये राहते, म्हणून उदाहरणं इथली देणार आहे. तुम्ही सिडनीत असाल, लंडनमध्ये असाल, तर गाडीचं नाव बदला. बाकी मुद्दे बहुतेक तेच राहतील.

आधी एक विचारते. आपल्यातले किती जण स्वतः लोकलने वाढलो? ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली, वसई, पनवेल. हात वर करा. माझी आर्टिकलशिप फोर्टातल्या एका फर्ममध्ये होती आणि घर डोंबिवलीला. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. सकाळी लेडीज डब्यात चढणं हा व्यायाम, उतरणं ही परीक्षा, आणि मधल्या सव्वा तासात उभ्या उभ्या कॉस्टिंगची उजळणी. आपण सगळेच हे किस्से जेवणाच्या टेबलावर मुलांना रंगवून सांगतो. "आम्ही कसे लटकत जायचो" हे सांगताना आवाजात अभिमान असतो. आणि त्याच मुलाला, जो आता आपल्या खांद्याला लागलाय, दोन स्टेशनं पलीकडच्या क्रिकेटच्या सरावाला सोडायला आपण गाडीची किल्ली उचलतो.

या विसंगतीचं कारण मला वाटतं आपल्या डोक्यातली लोकल. आपण इथल्या स्टेशनवर उभे असलो, तरी "मूल एकटं ट्रेनमध्ये" म्हटलं की डोळ्यापुढे दादर येतं. आणि ती भीती खोटी नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २,५९० माणसं मेली, असा आकडा मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. म्हणजे दिवसाला सात. त्यात रूळ ओलांडणारे आले आणि गाडीतून पडणारेही आले. ज्या आईने हे आकडे ऐकत दिवस काढलेत तिला "ट्रेन सुरक्षित असते" असं कोणी सांगितलं तर ती हसेल.

म्हणून आपण घाबरतो नक्की कशाला, हे नीट वेगळं करून बघू. ऑडिटमध्ये हेच करतो ना? "रिस्क आहे" असं नुसतं म्हणून चालत नाही. कुठे आहे, किती आहे, त्यावर काय नियंत्रण आहे, हे लिहावं लागतं.

मुंबईत माणसं मरतात त्याची दोन कारणं: उघडी दारं आणि डब्यात मावणार नाहीत इतकी माणसं. तिसरं, आणि सगळ्यात मोठं, कारण रूळ ओलांडणं. आता वेलिंग्टनची गाडी बघा.

इथल्या लोकल गाडीचं नाव मातंगी. आपल्याला नाव ऐकून देवी आठवते, दशमहाविद्यांमधली. पण हा माओरी शब्द आहे आणि त्याचा अर्थ वारा. वेलिंग्टनमध्ये एक हिवाळा काढलेल्या कोणालाही हे नाव का ठेवलं हे समजावून सांगावं लागणार नाही. गाडी कोरियाच्या ह्युंदाई रोटेमने बनवलेली. दिल्ली मेट्रोचे सुरुवातीचे डबे आणि हैदराबाद मेट्रोचे डबे ज्यांनी बनवले तीच कंपनी. (हे वाक्य भारतातल्या आजी-आजोबांसाठी राखून ठेवा, उपयोगी पडतं.) पहिली मातंगी २०११ मध्ये धावली. आधी ४८ जोड्या आल्या, मग आणखी ३५. एक जोडी म्हणजे दोन डबे. एकूण ८३ जोड्या, एका जोडीत १४७ जणांना बसायची सोय. गुणाकार केला तर बारा हजारांवर बसायच्या जागा. गर्दीच्या वेळी दोन, तीन, चार जोड्या एकमेकींना जोडून गाडी लांब करतात, दुपारी एकच जोडी धावते.

दारं बंद असतात. स्टेशन आलं की कर्मचारी दारं मोकळी करतात, मग प्रवासी बटण दाबतो तेव्हा दार उघडतं. दार उघडं असताना गाडी सुटत नाही. डब्यात कॅमेरे आहेत, अडचण आली तर दाबायचं बटण आहे, आणि चालकाशिवाय गाडीत फिरणारे कर्मचारीही असतात. एका डब्याचा मधला भाग खाली आणलेला आहे, त्यामुळे बाबागाडी आणि व्हीलचेअर फलाटावरून सरळ आत जाते. गर्दी सकाळी आठला असते, पण ती "उभं राहावं लागलं" अशा जातीची गर्दी. तिला डोंबिवलीचं माणूस गर्दी म्हणणार नाही.

तेव्हा पहिली दोन कारणं इथे उरतच नाहीत. तिसरं उरतं. रूळ ओलांडायच्या जागा इथेही आहेत, आणि कानात इअरफोन घालून चालणारी मुलंही आहेत. खरी शिकवणूक इथे द्यायची. त्याकडे पुढे येते.

थोडं विषयांतर करते, पण मराठी माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्या जॉन्सनव्हिलच्या मार्गावरच्या स्टेशनांची नावं वाचा: क्रॉफ्टन डाउन्स, नायो, आवारुआ स्ट्रीट, सिमला क्रेसेंट, बॉक्स हिल, खंडाला, रारोआ, जॉन्सनव्हिल. हो, सिमला आणि खंडाला. एकोणिसाव्या शतकात भारतात नोकरी करून आलेल्या एका ब्रिटिश कॅप्टनने इथे घर बांधलं आणि त्याला हे नाव दिलं, तेच पुढे उपनगराला लागलं. आसपासचे रस्तेही गंगेच्या, दिल्लीच्या, आग्र्याच्या नावाचे. आपला खंडाळा घाटात, यांचा खंडाला डोंगरावर. साडेदहा किलोमीटरच्या मार्गावर सात बोगदे आहेत. एकेरी रूळ, डोंगराच्या कडेकडेने जाणारी वळणं. पावसात गेलात तर बोरघाटाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

हा मार्ग मुळात एका खाजगी कंपनीने बांधला, वेलिंग्टन अँड मनावतू रेल्वे कंपनीने, १८८० च्या दशकात. १९०८ मध्ये सरकारने ती विकत घेतली. १९३७ मध्ये मुख्य मार्गासाठी दुसरीकडून लांब बोगदे काढले, तेव्हा हा जुना तुकडा जॉन्सनव्हिलपर्यंतच उरला. तो बंद न करता २ जुलै १९३८ ला त्याच्यावर विजेच्या लोकल सुरू केल्या, न्यूझीलंडमधल्या अशा पहिल्याच. १५०० व्होल्ट डीसी. आणि आपल्याकडे? ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला भारतातली पहिली विजेची गाडी धावली, तीही १५०० व्होल्ट डीसीवरच. या बाबतीत आपण वेलिंग्टनच्या तेरा वर्षं पुढे होतो. मुलांना हे जरूर सांगा. आपला देश म्हणजे फक्त गर्दी असं त्यांना वाटायला नको.

आता हिशेब. माझा धंदाच तो आहे.

समजा तुमचं मूल आठवड्याला दोन ठिकाणी जातं, म्हणजे सोडणं-आणणं धरून तुमच्या चार फेऱ्या. एका फेरीला, जाऊन परत घरी येईपर्यंत, ४० मिनिटं धरू. शाळेचे आठवडे साधारण ४०. चार गुणिले ४० मिनिटं गुणिले ४० आठवडे म्हणजे ६,४०० मिनिटं. १०६ तासांच्या वर. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर वर्षातले तेरा दिवस तुम्ही ड्रायव्हरची नोकरी केलीत, बिनपगारी. दोन मुलं असतील आणि वेळा जुळत नसतील, तर दुप्पट. हे माझे आकडे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण कागदावर घाला. मनातल्या मनात केलेला हिशेब नेहमी कमी भरतो.

पैशांचं म्हणाल तर, इथलं इनलँड रेव्हेन्यू धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा किलोमीटरचा दर दर वर्षी जाहीर करतं. पेट्रोल गाडीसाठी तो अलीकडे किलोमीटरला १ डॉलरच्या वर आहे. त्यात पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा सगळं येतं. दहा किलोमीटरवर मुलाला सोडून परत आलात की २० किलोमीटर, म्हणजे वीस डॉलरच्या वर. आणायला पुन्हा तेवढेच. आता कोणी हुशार म्हणेल, "विमा तर भरलेलाच असतो, तो कशाला धरता?" बरोबर आहे. गाडी दारात असेलच तर जादा खर्च यापेक्षा कमी येतो. पण मग तोच न्याय ट्रेनलाही लावा. ती दुपारची मातंगी तुमचं मूल बसलं तरी धावणार, नाही बसलं तरी धावणार. ती रिजनल कौन्सिलच्या मालकीची आहे, आणि घराचे रेट्स भरताना तिच्या खर्चातला वाटा तुम्ही भरताच. म्हणजे तुम्ही एका सेवेचे पैसे दिलेत, ती वापरत नाही, आणि तीच सेवा स्वतः ड्रायव्हर होऊन पुन्हा उभी करताय. क्लायंटने असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

अर्थात पैशांसाठी कोणी मुलाला एकटं पाठवत नाही, पाठवूही नये. खरा मुद्दा पुढे आहे.

न्यूझीलंडमध्ये गाडीचं लर्नर लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं. अठराव्या वर्षी बरीच मुलं दुसऱ्या शहरात युनिव्हर्सिटीला जातात, डनिडनला किंवा ऑकलंडला. म्हणजे अकरा ते सोळा ही पाच वर्षं अशी आहेत, की मूल एक तर तुमच्या मागच्या सीटवर बसेल, नाहीतर सार्वजनिक वाहनाने जाईल. तिसरा मार्ग नाही. ही पाच वर्षं मागच्या सीटवर गेली, तर अठराव्या वर्षी विमानतळावर आपण ज्याला निरोप देतो त्याने तोपर्यंत एकदाही चुकलेली गाडी स्वतः निस्तरलेली नसते, एकदाही अनोळखी माणसाला रस्ता विचारलेला नसतो. गुण नव्वद टक्के, आणि बस रद्द झाली की आईला फोन.

ट्रेन ही शिकायला फार सोयीची जागा आहे. रस्ता ठरलेला, स्टेशनं ठरलेली, वेळ लिहिलेली. चुकून पुढे गेलं तर उतरून उलट्या दिशेची गाडी पकडायची. चूक होऊ शकते पण ती दुरुस्त होण्यासारखी असते. आणि चुका होतातच. दुरुस्तीच्या कामासाठी ट्रेनऐवजी बस सोडतात, त्या शनिवार-रविवारी आणि सुट्टीत हमखास. २०२३ च्या मे महिन्यात रूळ तपासणारी खास गाडीच नादुरुस्त होती, तपासणी लांबली, म्हणून कापिती मार्गावर गाड्यांचा वेग कमी करावा लागला आणि वेळापत्रक कोलमडलं. मोठी माणसं वैतागली. पण मी म्हणते, मुलांसाठी याहून चांगला वर्ग नाही. "गाडी रद्द आहे, आता काय?" हा प्रश्न घरी बसून शिकवता येत नाही.

आता आक्षेप घेते. कमेंटमध्ये येणारच आहेत, आधीच घेतलेले बरे.

"कायदा काय म्हणतो?" हा सगळ्यात नेमका आक्षेप. न्यूझीलंडमध्ये १९८१ चा समरी ऑफेन्सेस अ‍ॅक्ट आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला देखरेखीची वाजवी सोय न करता, अवाजवी वेळ किंवा अवाजवी परिस्थितीत सोडून जाणं, हा त्यात गुन्हा आहे. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर याचं भाषांतर "१४ वर्षांखालचं मूल एकटं दिसलं की पोलिस" असं फिरतं. कायद्यात शब्द आहे वाजवी. सगळी परिस्थिती बघायची असते: वय, वेळ, ठिकाण, सोय काय केली होती. इंटरमीडिएटची मुलं सकाळी गणवेशात बसने, ट्रेनने जाताना रोज दिसतात. मी वकील नाही, पण शब्द वाचायची सवय आहे. आठ वर्षांच्या मुलाला रात्री नऊला पाठवणं आणि बारा वर्षांच्या मुलाला दुपारी चारला, फोन देऊन, ओळखीच्या मार्गावर, पलीकडे कोणीतरी वाट बघत असताना पाठवणं, या दोन गोष्टी एक नाहीत. दुसऱ्या देशात असाल तर तुमचा कायदा तुम्ही वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा वाचू नका.

"अंधार पडतो." खरं आहे. जूनमध्ये इथे पाचच्या सुमारास दिवस मावळतो. मग हिवाळ्यात चारची गाडी ठरवा, किंवा तेवढे दोन महिने परतीला घ्यायला जा. वर्षाचे दोन महिने अंधार असतो म्हणून बाराही महिने गाडी काढायची गरज नाही.

"कोणी काही बोललं तर? आपला रंग वेगळा." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. असे अनुभव आपल्या मुलांना येतात, शाळेतही येतात. पण त्याचं उत्तर मुलाला काचेआड ठेवणं नसतं. त्याला चार गोष्टी ठाऊक हव्यात: कर्मचारी असतील त्या डब्यात बसायचं, कुटुंबं बसली असतील त्यांच्याजवळ बसायचं, उत्तर द्यायचं नाही, उठून जागा बदलायची. आणि घरी येऊन सांगितलं तर आपण "म्हणूनच म्हणत होते" असं म्हणायचं नाही. हे शेवटचं आपल्यासाठी आहे. एकदा ते वाक्य ऐकलं की मूल पुढच्या वेळी सांगणार नाही.

"मुलगी आहे हो." इथे मी थांबून बोलणार आहे.

मुंबईत नोकरी करणाऱ्या बायकांची एक अख्खी पिढी लोकलने उभी केली. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, ती काही रेल्वेने हौस म्हणून सोडलेली नव्हती. इतक्या बायका रोज कामाला जात होत्या की त्यांच्यासाठी आख्खी गाडी भरत होती. आपल्या आया, मावश्या, आत्या त्या डब्यांतून बँकेत गेल्या, मंत्रालयात गेल्या, एलआयसीत गेल्या. भाज्या निवडत परत आल्या. भिशी लावली, डोहाळजेवणं केली, एकमेकींच्या मुलींची स्थळं शोधली. घरून परवानगी मिळाली ती "सरळ गाडी आहे, एकटी जाईल" या एका भरवशावर. माझ्यासारख्या कितीतरी जणींचं सीए होणं त्या भरवशावर उभं आहे. आणि आपण, त्या आयांच्या मुली, बंद दाराच्या, कॅमेरे लावलेल्या, अर्ध्या रिकाम्या गाडीत आपल्या मुलीला बसू देत नाही, पण तिच्या भावाला एक वर्ष आधी देतो? मी हे घराघरांत बघते. मुलगा बाराव्या वर्षी, मुलगी "बघू पुढच्या वर्षी". नियम करायचाच असेल तर वयाचा करा, तयारीचा करा. मुलीसाठी वेगळा आणि मुलासाठी वेगळा नको. भाऊ-बहीण दोघंही ते बघत असतात आणि दोघंही त्यातून काहीतरी शिकत असतात.

आता थोडं जपानकडे बघू, कारण हे काम लहान वयात कसं करतात ते तिथून शिकावं. टोकियोतल्या खाजगी रेल्वे कंपन्यांच्या लोकलमध्ये प्राथमिक शाळेची मुलं पाठीवर दप्तर घेऊन एकटी जाताना दिसतात. ओडाक्यू ही अशीच एक खाजगी रेल्वे, शिंजुकू ते ओदावारा, १९२७ पासूनची. गंमत म्हणजे तिच्या रुळांची रुंदी १,०६७ मिलिमीटर आहे आणि वेलिंग्टनच्या रुळांचीही तेवढीच. वीजही १५०० व्होल्ट डीसी. या ओडाक्यूने मार्च २०२२ पासून कार्ड वापरणाऱ्या मुलांचं भाडं सरसकट ५० येन केलं, कुठूनही कुठेही जा. ही धर्मादाय संस्था नाही, नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. तिने साधा विचार केला: मुलं असलेली कुटुंबं आपल्या मार्गावर राहायला यावीत, आणि आज जे मूल ५० येन देतं ते उद्या तीस वर्षं पासाचे पैसे देईल. शिवाय मूल गेटमधून गेलं की पालकांच्या फोनवर संदेश जायची सोयही तिकडे आहे. म्हणजे जपानी आयाही काळजी करतातच. फक्त काळजीची व्यवस्था करून त्या मुलाला पाठवतात.

इथे जुलै २०२३ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलांना बस-ट्रेन मोफत होती. एप्रिल २०२४ च्या अखेरीला ती सवलत गेली. मुलांचं भाडं अजूनही मोठ्यांपेक्षा कमी आहे, पण मोफत आणि कमी यात फरक पडतोच. रिजनल कौन्सिल आपल्या आराखड्यांवर लोकांच्या सूचना मागवते, तेव्हा आपण मराठी पालक काही लिहीत नाही. दहा मिनिटांचा फॉर्म असतो. ज्याला टॅक्स रिटर्न भरता येतं त्याला हाही भरता येतो.

आता कसं करायचं ते सांगते. याला मी पाच पायऱ्या म्हणते, नाव तुम्ही काहीही द्या.

१. आधी बरोबर जा, पण पुढे मुलाला चालू द्या. कार्ड त्याच्या हातात, फलाट त्याने शोधायचा, बटण त्याने दाबायचं. तुम्ही गप्प. हे सगळ्यात अवघड आहे, तुमच्यासाठी.

२. मग त्याच गाडीत, पण वेगळ्या जागी बसा. उतरायचं कधी ते त्याने ठरवायचं. तो विसरला तर तुम्हीही उतरू नका, पुढच्या स्टेशनवर दोघं उतरा आणि परत या. अर्धा तास जाईल, पण परत विसरणार नाही.

३. मग तुम्ही स्टेशनवर सोडा आणि पलीकडे ओळखीचं माणूस थांबू द्या. इथे आपल्या ग्रुपचा खरा उपयोग आहे.

४. मग दोन मुलांना जोडीने पाठवा. एकाला रस्ता येतो, दुसऱ्याला बोलता येतं, असं चालतं.

५. मग एकटं. चढल्यावर एक मेसेज, उतरल्यावर एक मेसेज. मधे फोन करायचा नाही. तुम्ही.

नियम तीनच, पण पक्के. रुळांजवळ आणि रूळ ओलांडताना इअरफोन कानातून काढायचे, डावीकडे-उजवीकडे बघायचं, आणि एक गाडी गेली म्हणून लगेच पाऊल टाकायचं नाही, पलीकडून दुसरी येत असू शकते. जॉन्सनव्हिलसारख्या वळणाच्या मार्गावर फलाट आणि गाडीत फट असते, तिथे फोनकडे बघत उतरायचं नाही. आणि गाडी चुकली तर पळायचं नाही, पुढची येते.

एक जमाखर्चाचा धडाही यात फुकट मिळतो. इथे स्नॅपर कार्ड चालतं, चढताना टॅग ऑन, उतरताना टॅग ऑफ. टॅग ऑफ विसरलं तर जास्त पैसे कापले जातात. महिन्याची रक्कम ठरवून एकदाच भरा आणि शिल्लक मुलाला सांभाळू द्या. जास्त कापले गेले तर ते त्याच्याच महिन्यातून. दोन महिन्यांत विसरणं बंद होतं. बजेट म्हणजे काय हे मी क्लायंटना वर्षानुवर्षं समजावते, तेवढं पटकन कोणालाच समजत नाही.

आणि आई-बाबा भारतातून आले, की त्यांना फिरवायचं काम नातवंडाला द्या. "आजीला शनिवारी शहरात घेऊन जा, ट्रेनने." गाडीत मूल मागे फोनमध्ये असतं आणि आजी पुढे खिडकीबाहेर बघत असते. ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसतात, स्टेशनं येतात, "हे खंडाला का?" म्हणून आजी विचारते, आणि मुलाला तिला मराठीत सांगावं लागतं, कारण मधे भाषांतराला आपण नसतो. शिवाय परत आल्यावर आजीच व्हिडिओ कॉलवर सगळ्या नातेवाइकांना सांगते की नात किती हुशार आहे, मला एकटीने नेऊन आणलं. "एकटीला पाठवतेस?" हा प्रश्न त्यानंतर भारतातून येत नाही.

प्रत्येक मूल वेगळं असतं, हे मला मान्य आहे. कोणाला तेराव्या वर्षी जमेल, कोणाला पंधराव्या. काही मुलांना गर्दी, आवाज सहन होत नाहीत, त्यांची पायरी वेगळी, वेळ वेगळी. काही शहरांत ट्रेनच नाही, तिथे बस बघा, सायकल बघा. जिथे खरंच धोका आहे तिथे पाठवू नका. पण "आमच्याकडे तसं नाही करत" हे कारण नाही. आमच्याकडे तसंच करत होते. डोंबिवलीहून, कुर्ल्याहून, वसईहून, पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आईने लिहिलेला घरचा फोन नंबर घेऊन.

पुढच्या शनिवारी पहिली पायरी करून बघा. आणि खाली लिहा: तुमच्या शहरात गाडीचं नाव काय, मूल किती वर्षांचं, आणि तुमच्या घरी नक्की कोण घाबरतं? खरं लिहा. आमच्याकडे बाबा.